एका खात्यातलं कुटुंब

धाकट्या मावसभावाला आणि त्याच्या बायकोला या परक्या देशात आपल्या घरी उतरवून घेण्यात दादांचा फायदा किती होता, ते आधी मांडून घेतलेलं बरं. दादांना विचारून उपयोग नाही. नात्यात फायदा कसला बघायचा, असं म्हणून ते दुखावतील आणि चहा अर्धा टाकून उठतील.

पहिली जमा पुण्याईची. दादांचं शिक्षण मावशीच्या घरी राहून झालेलं. मावशीनं त्यांना कॉलेज संपेपर्यंत जेवू घातलं आणि त्याचा हिशोब कुठंही ठेवला नाही, म्हणून तो कधी फिटतही नव्हता. आता तिच्या मुलाला आसरा दिला की तो एकदाचा मिटत होता. दुसरी जमा मागच्या खोलीची. तिथं वॉशिंग मशीन आणि फुटक्या चाकांच्या बॅगा राहत. आता जोडपं राहू लागलं आणि खोलीचे पैसे सुटू लागले. दादा त्याला भाडं म्हणत नसत, घरखर्चातला वाटा म्हणत. वाट्यात वीज, पाणी, जेवण धरलेलं होतं आणि वॉशिंग मशीनचा घसाराही. मशीन धाकट्याच्या उशाशी होतं. ते फिरू लागलं की पलंगही गावाला निघाल्यासारखा हलायचा, पण त्याबद्दल सूट नव्हती.

तिसरी जमा मात्र खरी, आणि ती दादांनी बायकोलासुद्धा नीट सांगितली नव्हती.

धाकटा हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत लागला होता आणि धाकटी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला. दोन्ही ठिकाणी पगार हातात मिळत नसे, बँकेतच जमा व्हायचा. नव्यानं आलेल्यांचं खातं कुठलं असणार? दादांनी मोठ्या मनानं आपल्या खात्याचा नंबर दिला आणि म्हणाले, तात्पुरतं. महिनाअखेरीस दोघांचे पगार दादांच्या खात्यात यायचे आणि दुसऱ्या दिवशी दादा वाटा कापून उरलेली रक्कम पाकिटात घालून, पाकिटाला हळूच थुंकी लावून, धाकट्याच्या हातावर ठेवायचे. पैशाला ते कधी चुकले नाहीत. एक दमडी इकडची तिकडे झाली नाही. चोर म्हणावं असा हा माणूसच नव्हे.

दादांना ते पैसे नको होते, त्या पैशांचं येणं हवं होतं. चढावरच्या गल्लीतलं एक दुमजली घर त्यांनी हेरून ठेवलं होतं आणि त्याच्या कर्जासाठी बँकेत अर्ज केला होता. अर्ज बघणाऱ्या कर्जवाल्या बाई खात्यात दरमहा किती येतं ते बघत होत्या. ट्रकच्या सुट्या भागांच्या गोदामातला दादांचा पगार, वहिनी लोकांच्या पँटी-स्कर्ट कापून-उसवून द्यायच्या त्याचे पैसे, आणि आता हे दोन पगार, असं सगळं एका ओढ्यातून वाहताना बघून बाई खूष होत्या. दादांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. घरातली कमाई एकत्र असते, एवढंच ते म्हणाले होते. आपल्याकडे असतेच. कर्ज तोंडी मंजूर झालं होतं, शेवटचा शिक्का तेवढा बाकी होता. दादा दोनदा टेप घेऊन त्या घरात जाऊन सोफा कुठे बसेल ते मोजूनही आले होते.

अशा ऐन वेळी धाकट्यानं खोली बघितली.

लाँड्रीच्या मागल्या रस्त्यावर, एका चपलांच्या दुकानावर, छोटीच. पण दार स्वतःचं, आणि आत मशीन नाही. मालकाची एकच अट होती: भाडं भाडेकरूच्या स्वतःच्या खात्यातून आलं पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या नाही. पूर्वी एकाच्या मेव्हण्यानं भाडं भरून नंतर खोलीवरच हक्क सांगितला होता, तेव्हापासून मालक नातेवाइकांना वचकून होता. महिना संपेपर्यंत थांबतो म्हणाला, पुढं दुसऱ्याला देईन.

खातं उघडायचं तर काय लागतं, हे दादांनी दोघांना पूर्वीच समजावलं होतं, आणि ते समजावताना त्यांचा आवाज गावातल्या तोडग्यावाल्यासारखा लागायचा. बँक म्हणते, पत्त्याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे विजेचं बिल. विजेचं बिल तुमच्या नावावर यायला वीज कंपनी म्हणते, बँकेचं खातं दाखवा. झालं. हा फेरा सांगून दादा दोन्ही हात झटकायचे आणि म्हणायचे, मी काय करणार, इथली पद्धतच तशी आहे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा अशी शांती असायची की बघणाऱ्याला वाटावं, हा फेरा यांनीच बांधून बँकेला भेट दिला असावा.

धाकटा ऐकून घ्यायचा. त्याचा स्वभावच ऐकून घ्यायचा. धाकटी मात्र बटाटे सोलता सोलता चौकशी करत असे, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्याच बायका कुठून कुठून आलेल्या, सगळ्यांनी हा फेरा घातलेला. त्यांच्यातली एक म्हणाली, बिल कशाला हवं, ज्याच्या घरी राहता तो माणूस स्वतः बँकेत येऊन सांगतो आणि सही करतो, की ही माणसं माझ्या घरात राहतात, झालं काम.

धाकटीनं हे दादांना थेट सांगितलं नाही. थेट सांगितलं असतं तर दादांनी उद्या बघू म्हटलं असतं, आणि त्यांच्या उद्याला सकाळ नसते. तिनं रविवारची वाट बघितली. रविवारी मावशीचा फोन यायचा आणि तो जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून सगळे एकदम बोलायचे. सासूबाईंनी तब्येतीचं सांगून झाल्यावर धाकटी अगदी नम्रपणे म्हणाली, "आई, आमचं बँकेचं काम होणार बरं का आता. दादा स्वतः येणारेत बँकेत सही करायला. त्यांच्याशिवाय कोण आहे आम्हाला इथं?"

फोनमधून मावशी म्हणाली, "मला ठाऊकच होतं रे बाळा. तू माझं मीठ विसरणारा नाहीस."

दादांच्या हातातला घास हातातच राहिला. वहिनींनी त्यांच्या पानात वाढायला घेतलेली पळी तशीच धरून एकदा धाकटीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घालवलं. मावशीसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. "हो मावशी, म्हणजे काय," दादा म्हणाले, "मी जाणारच होतो."

पण दादाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. धाकट्याला इथली भाषा चादरींपुरती येते आणि धाकटीला भाज्यांपुरती, हे त्यांना ठाऊक होतं. बँकेत बोलणार कोण? दादाच. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही असं एक वाक्य त्यांनी अंघोळ करताना तयार केलं: ही माणसं माझे पाहुणे आहेत, आज आहेत उद्या नाहीत. पाहुण्यांचं खातं कुठली बँक उघडते? बँक नाही म्हणेल, दादा हळहळतील, मावशीला कळवतील. कर्जावर शिक्का पडला की मग उघडा म्हणावं, काय ती खाती.

बँकेचं दार आपोआप उघडायचं आणि आत शिरल्याबरोबर माणूस आपोआप हळू बोलू लागायचा. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या झाडाची पानं एक बाई ओल्या फडक्यानं पुसत होती. नंबर लागल्यावर तिघं एका टेबलापाशी गेले. खुर्च्या दोनच. एक दादांनी घेतली, दुसरीवर धाकटी बसली आणि धाकटा फाइल छातीशी धरून मागे उभा राहिला, जसा वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा. टेबलामागे कोवळ्या वयाचा एक टायवाला होता. टाय त्याच्यापेक्षा वयानं मोठा दिसत होता.

त्यानं विचारलं, हे दोघं तुमच्या घरी राहतात का. दादांनी अंघोळीतलं वाक्य टाकलं. मग मागे वळून मराठीत म्हणाले, "पत्ता कायमचा आहे का विचारतोय. बघतो मी पटवून."

टायवाल्यानं दोघांचे पासपोर्ट घेतले, काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडे बघत राहिला. मग हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या साध्या आवाजात त्यानं विचारलं, की या पाहुण्यांचे पगार दर महिन्याला तुमच्या खात्यात कसे येतात?

बँकेला सगळंच दिसतं, हे दादांना ठाऊक होतं, कारण त्यांनीच ते बँकेला दाखवत ठेवलं होतं. पण ज्या खिडकीला दाखवलं तिच्या शेजारच्या खिडकीलाही दिसेल हे सुचलं नव्हतं. टायवाल्यानं समजुतीच्या सुरात पर्याय सांगितले. भाडं म्हणून घेत असाल तर तुमच्या घरमालकाची परवानगी लागेल आणि त्यावर कर भरावा लागेल. भाडं नसेल, आणि दुसऱ्यांचे पगार तुम्ही नुसतेच घेत असाल, तर त्यासाठी आमच्याकडे वेगळा विभाग आहे, तो पोलिसांना कळवतो. किंवा मग हे तुमचं कुटुंब असेल.

"कुटुंब," दादा म्हणाले. "कुटुंबच आहे."

नातं काय?

"भाऊ."

यात खोटं काहीच नव्हतं. मावसभाऊ हा भाऊच. परक्यासमोर 'मावस' लावायचं म्हणजे धडक्या सदऱ्याचं ठिगळ शोधून दाखवायचं. इथवर दादा नुसते बचाव करत होते. पण टायवाल्यानं पुढचा प्रश्न विचारला, की यांचा खर्च कोण चालवतं, आणि तिथं दादांचा पाय घसरला. आपल्या माणसाला चारचौघांत, त्यातून परक्याच्या टेबलाशी, घर कोण चालवतं असं विचारू नये. तो खरं सांगत नाही आणि खोटंही सांगत नाही. तो मोठेपणा सांगतो. लग्नकार्यात, बारशात, मयताच्या बैठकीतसुद्धा हे असं बोलायचं असतं आणि ऐकणाऱ्यानं त्यातलं निम्मं वजा करून घ्यायचं असतं. टायवाल्याला ही वजाबाकी कोणी शिकवली नव्हती.

"मीच चालवतो," दादा म्हणाले. "मी असताना त्यांनी का चालवावा? पगार आपले लहान माणसांनी मोठ्याकडे दिले, एवढंच. त्यांचं खाणंपिणं, राहणं, दुखलंखुपलं, सगळं माझ्यावर. जन्मभर बघीन मी."

'भाऊ', 'सगळं' आणि 'जन्मभर' हे तीन शब्द धाकट्याला त्या भाषेत येत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दादांनी बघितलं, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. स्वतःच्या बोलण्यानं त्यांचाच ऊर भरून येऊ लागला. टायवाल्यानं विचारलं, घरात आणखी कोण? दादा म्हणाले, बायको, तीही माझ्यावरच, घरीच असते. आणि कोणी? गावाकडे म्हातारी मावशी आहे, आईच ती माझी. या मुलीचे आईवडील आहेत. तेही तुमच्यावर अवलंबून? "मग कोणावर?" दादा म्हणाले. मावशीला त्यांनी एकदा रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं होतं आणि धाकटीच्या आईवडिलांना ते लग्नात एकदाच भेटले होते; पण बोलण्याच्या भरात ही तिन्ही म्हातारी माणसं दादांच्या ताटात जेवू लागली.

टायवाला टाइप करत गेला. मग त्यानं कागद छापून आणला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि हे सगळं खरं आहे ना, असं विचारून पेन पुढे केलं. दादांनी सही ठोकली. खाली रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली.

घरमालकानं नव्हे, पण घर चालवणाऱ्यानं लिहून दिलं की ही माणसं माझ्या घरची; बँकेला आणखी काय हवं होतं? दोघांचं मिळून एक खातं तिथल्या तिथं उघडलं. टायवाल्यानं उठून दादांशी हात मिळवला आणि म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आम्हाला क्वचित दिसतात. दादा घरी येईपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. आपण बँकेत का गेलो होतो, हे त्यांना जिन्यात किल्ली काढताना आठवलं.

कर्जवाल्या बाईंचा फोन पुढच्या आठवड्यात आला. दादा बूट काढत होते म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून मोठा आवाज केला होता. पलीकडे वहिनी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होत्या; गिऱ्हाइकांमुळे त्यांना इथली भाषा बोलता आली नाही तरी कळायची. बाई म्हणाल्या, नव्या माहितीनुसार तुमचा अर्ज पुन्हा तपासला. पूर्वी आम्ही मोजलेले दोन पगार आता ज्यांचे त्यांच्या खात्यात जातील. आणि तुमच्यावर सहा माणसं अवलंबून आहेत हे पूर्वी आम्हाला माहीत नव्हतं. इतक्या पगारात सहा माणसं सांभाळून हप्ता भरणं शक्य नाही. तेव्हा क्षमस्व.

दादांनी एक बूट हातात धरून बराच वेळ समजूत घातली. शेवटी ते म्हणाले, "अहो, तसं खरोखर अवलंबून नव्हे. आमच्यात बोलायची पद्धत असते."

"म्हणजे तुम्ही सही करून दिलं ते खोटं होतं?"

"खोटं कसं? खोटं नाही."

"मग खरं आहे?"

दादांना खरंही म्हणता येईना आणि खोटंही. खोटं म्हणावं तर तो दुसरा विभाग दारात उभा. बाई म्हणाल्या, काही बदल असल्यास सांगा, मी यादी वाचते. भाऊ, भावाची पत्नी, मावशी, भावाचे सासू-सासरे. आणि तुमची पत्नी, उत्पन्न नाही, पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून.

उसवण्याचा आवाज थांबला.

"काही बदल नाही," दादा म्हणाले, आणि फोन ठेवला.

वहिनी खाली मान घालून पुन्हा शिवण उसवू लागल्या. दादांना वाटलं, घर गेल्याचं दुःख झालं असेल. त्यांनीच वहिनींची समजूत काढली, की नशिबात नव्हतं, पुढं बघू, आणि या देशात माणसानं चांगलं वागूच नये. वहिनींनी पँट पुरी केली, घडी घातली आणि विचारलं, गिऱ्हाईक याचे पैसे कुठं भरतं हो? दादा म्हणाले, आपल्या खात्यात. वहिनी म्हणाल्या, "आपल्या म्हणजे?"

महिना संपायच्या आत धाकटा आणि धाकटी चपलांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेले. जाताना धाकट्यानं दादांच्या पाया पडून सांगितलं, की बँकेत तुम्ही जे बोललात ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दादा म्हणाले, बँकही विसरणार नाही. धाकट्याला तो विनय वाटला. मावशीनं तर भाच्याची कीर्ती साऱ्या गोतावळ्यात पोचवली. रविवारी आता निरनिराळ्या नंबरांवरून फोन येऊ लागले. कुणाचा जावई निघालाय, कुणाचा पुतण्या, आणि सगळे म्हणत, दादा तिथं असताना काळजी कसली. दादा रविवारी फोन बंद ठेवू लागले.

वहिनींनी एका सकाळी धाकटीला गाठलं आणि दोघी बँकेत गेल्या. आदल्या दिवशी दादांनी विचारलंच होतं, वेगळं खातं कशाला, आपलं सगळं एकच आहे ना? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आपलं एकच आहे. पण तुम्ही लिहून दिलंय ना, मला उत्पन्न नाही म्हणून. मग तुमच्या खात्यात माझं काय काम?" यावर दादांना उत्तर सुचलं ते दुपारी, गोदामात, आणि तिथं ऐकायला कोणी नव्हतं.

टेबलाशी तोच टायवाला होता. त्यानं वहिनींना विचारलं, तुम्ही नोकरी करता का. वहिनींनी उत्तर देण्याआधी त्याच्या कोटाची बाही हातात धरून बघितली आणि खुणेनं सांगितलं, बोटभर लांब आहे. धाकटीनं आपल्या भाज्यांपुरत्या भाषेत बाकीचं समजावलं. कोट शनिवारी घरी यायचा ठरला.

तर अखेरचा हिशोब असा. बँकेनं काही गमावलं नाही. तिला दोन नवी खाती मिळाली आणि एक बुडीत जाणारं कर्ज वाचलं. घर चढावरच्या गल्लीत जिथल्या तिथं उभं आहे, त्यात दुसऱ्या कुणाचा सोफा बसला. मावशीचं मीठ फिटलं, आणि ते दादांनी भरलं. घराएवढं मोल देऊन, जन्मात पहिल्यांदाच काही न कापता. आता महिनाअखेरीला त्यांच्या खात्यात त्यांचा एकट्याचा पगार येतो, आणि तो एवढाच होता का, म्हणून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसतात. वहिनींचं खातं उघडायला सुरुवातीची रक्कम लागत होती. ती त्यांच्याजवळ नव्हती, सगळी 'आपल्या' खात्यात होती. ती धाकटीनं भरली.